अक्षरांची मोजदाद आणि अपेक्षाबुद्धी

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांमध्ये दोन जातींचे विनोद सतत फिरत असतात. पहिली जात संदिग्ध कोडची, म्हणजे ज्या आज्ञेचे दोन अर्थ निघू शकतात आणि यंत्र नेमका नको तोच अर्थ धरून चालते अशा आज्ञेची. दुसरी जात स्ट्रिंगच्या लांबीची, म्हणजे सलग मांडलेल्या लिपिचिन्हांच्या माळेत चिन्हे किती, या वरवर सरळ दिसणाऱ्या प्रश्नाला एकाच वेळी चार वेगवेगळी उत्तरे मिळण्याची. हे विनोद हसण्यावारी नेले जातात. परंतु पहिल्याच्या मुळाशी वाक्याचा अर्थ अक्षरांत असतो की बोलणाऱ्याच्या विवक्षेत, हा प्रश्न आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी संख्या वस्तूत राहते की मोजणाऱ्याच्या बुद्धीत, हा प्रश्न आहे. हे दोन्ही प्रश्न भारतीय दर्शनांना जुने आहेत, आणि त्यांचा विचार करण्यासाठी लागणारी सामग्री चाळीसगावजवळचे पाटण, अमळनेर आणि धुळे या खानदेशातल्याच तीन ठिकाणी पुरेशी सापडते.

‘नमस्ते’ हा शब्द घेतला, तर शाळेतला विद्यार्थी त्यात तीन अक्षरे मोजतो. छंदशास्त्राचा अभ्यासक त्याच शब्दात पाच मात्रा मोजतो, कारण ‘न’ लघू असल्याने त्याची एक मात्रा, पुढच्या जोडाक्षरामुळे ‘म’ गुरू होत असल्याने त्याच्या दोन आणि ‘स्ते’ दीर्घ असल्याने त्याच्याही दोन. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांमधील प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाणपद्धती, याच शब्दात न, म, स, हलन्ताची खूण, त आणि एकाराची मात्रा अशी सहा चिन्हे पाहते. आणि ती साठवण्याच्या सर्वांत रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे यंत्राच्या स्मृतीत हा शब्द अठरा बाइट व्यापतो. वाचकाला जे एक अक्षर वाटते तेच एकक धरून मोजण्याचा नियमही युनिकोडमध्ये आहे. पण तो नियम दीर्घकाळ जोडाक्षर हलन्तापाशी तोडत असे आणि ‘नमस्ते’ची चार अक्षरे सांगत असे. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर अखंड मानले, तेव्हा हे उत्तर तीनवर आले. शब्द होता तसाच राहिला आणि त्याची लांबी मात्र बदलली, ही गोष्ट नुसती गमतीची नाही.

मराठीपुरता प्रश्न याहून बिकट होतो. ‘तऱ्हा’ या शब्दातला र हा रफार होऊन ह च्या डोक्यावर जात नाही, तो त्याच्या डाव्या अंगाला आडव्या रेघेसारखा राहतो. हा र संगणकात दोन प्रकारे टंकता येतो: एकतर नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ आणि त्यापुढे हलन्ताची खूण, किंवा साधा र, हलन्ताची खूण आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या रीतीने ‘तऱ्हा’ची लांबी पाच भरते, दुसऱ्या रीतीने सहा. पडद्यावर आणि छापील पानावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, परंतु साधी तुलना करणाऱ्या यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात, आणि एक शोधला असता दुसरा सापडत नाही. येथे लांबीच्या प्रश्नाच्या पोटातून तादात्म्याचा प्रश्न बाहेर येतो: दोन वस्तू एकच आहेत असे कोणत्या आधारावर म्हणायचे, घटकांच्या की त्यांच्या ठायी होणाऱ्या प्रतीतीच्या?

एककाच्या निवडीवर मोजणी अवलंबून असते, हे खानदेशाला नवे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि त्या मठाला शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ मध्ये, दान मिळाले, असे त्यावरून कळते. ज्या ग्रंथांच्या अध्यापनाची ही सोय होती त्यांतील ‘लीलावती’मध्ये गायत्री छंदाच्या प्रस्ताराचे, म्हणजे लघू आणि गुरू अक्षरांच्या सर्व शक्य मांडण्यांचे, गणित आहे. सहा अक्षरांच्या एका चरणात एक गुरू असलेल्या मांडण्या सहा, दोन गुरूंच्या पंधरा, तिहींच्या वीस, चोहोंच्या पंधरा, पाचांच्या सहा, सर्व गुरूंची एक आणि सर्व लघूंची एक, अशा एकूण चौसष्ट होतात. चारही चरणांच्या चोवीस अक्षरांचा विचार केला तर ही संख्या १,६७,७७,२१६ वर जाते. संगणकाच्या पडद्यावर चोवीस बिटांनी दाखवता येणाऱ्या रंगांची संख्याही हीच आहे, कारण लघू-गुरू काय किंवा शून्य-एक काय, दोन पर्यायांच्या चोवीस जागांचे गणित एकच असते. मात्र हे गणित ज्या पायावर उभे आहे तो पाया गणिताने दिलेला नाही. हलन्त व्यंजन स्वतंत्र अक्षर म्हणून मोजायचे नाही, स्वराने युक्त असेल तेच मोजायचे आणि जोडाक्षराचा भार त्याच्या आधीच्या अक्षराच्या खाती टाकायचा, हे संकेत आधी ठरले आणि त्यानंतर चोवीस या संख्येला अर्थ आला. पोथ्या नकलून देणाऱ्या लेखकांचेही असेच स्वतःचे एकक होते. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून पोथीची ग्रंथसंख्या सांगण्याची पद्धत होती, मग ती पोथी गद्य असो की पद्य.

संख्येच्या स्वरूपाचा सर्वांत बारीक विचार वैशेषिकांनी केला. त्यांच्या मते संख्या हा द्रव्यात राहणारा एक गुण आहे. त्यांतही एकत्व प्रत्येक द्रव्यात मुळातच असते. पण द्वित्व, त्रित्व आणि त्यापुढच्या संख्या आपोआप असत नाहीत. ‘हे एक, हे एक’ अशा रीतीने अनेक वस्तूंना एकत्र विषय करणारे जे ज्ञान, त्याला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. ती बुद्धी उत्पन्न झाली की वस्तूंच्या ठायी द्वित्व उत्पन्न होते आणि ती नाहीशी झाली की द्वित्वही नाहीसे होते, असे प्रशस्तपादांच्या भाष्यात प्रतिपादलेले आहे. म्हणजे संख्या वस्तूंच्या ठायी राहते खरी, परंतु तिला जन्माला घालण्यासाठी मोजणारा लागतो. हा सिद्धांत संख्येला निव्वळ कल्पना ठरवत नाही आणि बुद्धीवाचून स्वतंत्र असलेली वस्तूही ठरवत नाही. या मधल्या भूमिकेतच त्याचे बळ आहे.

हा सिद्धांत अक्षरांना लावताना मात्र वैशेषिकांची पंचाईत होते. शब्द, म्हणजे ध्वनी, हा त्यांच्या मते आकाशाचा गुण. गुणात दुसरा गुण राहत नाही हा त्यांचाच नियम. मग संख्या हा गुण अक्षरांच्या ठायी राहणार कसा आणि गायत्रीची अक्षरे चोवीस असे म्हणायचे कोणत्या आधारावर? प्राचीनांनी असा व्यवहार गौण, म्हणजे लक्षणेने होणारा, मानून वेळ निभावून नेली. नव्यन्यायातील रघुनाथ शिरोमणी यांना ही तडजोड मान्य झाली नाही. गुण, कर्म, अभाव अशा कशाचीही मोजणी निर्बाधपणे होते, त्या अर्थी संख्या हा गुण नसून एक स्वतंत्र पदार्थच मानला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढे १८८४ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी वेगळ्या वाटेने जवळपासच्या ठिकाणी पोहोचून असे दाखवले, की संख्येचे विधान वस्तूविषयी नसते, ते वस्तू ज्या संकल्पनेखाली घेतली तिच्याविषयी असते. पत्त्यांचा तोच ढीग ‘जोड’ या संकल्पनेखाली एक भरतो आणि ‘पान’ या संकल्पनेखाली बावन्न. नव्यन्यायाच्या परिभाषेत याला अवच्छेदक म्हणता येईल, म्हणजे ज्या धर्माने मर्यादित करून वस्तू विषय केली तो धर्म. ‘नमस्ते’ची तीन, पाच, सहा आणि अठरा ही चारही उत्तरे खरी आहेत, कारण त्यांचे अवच्छेदक वेगळे आहेत, अवच्छेदक न सांगता विचारलेला लांबीचा प्रश्न मात्र अपुरा आहे, आणि अपुऱ्या प्रश्नाला मिळालेले नेमके उत्तर हेच विनोदाचे मूळ आहे.

संदिग्ध कोडचा विनोद आज्ञेविषयी असतो, आणि आज्ञार्थी वाक्यांचा सांगोपांग विचार हे पूर्वमीमांसेचे खास क्षेत्र. प्रोग्रामरच्या नावावर जगभर खपणारा एक विनोद जळगावात आणला तर असा होईल: घरून फोनवर सांगितले जाते, ‘येताना दुधाची एक पिशवी आणा, आणि केळी चांगली असली तर डझनभर आणा’, आणि जळगावच्या बाजारात केळी चांगली नसण्याचे काही कारण नसल्यामुळे प्रोग्रामर दुधाच्या बारा पिशव्या घेऊन घरी येतो. मीमांसक याची फोड शांतपणे करतील. ‘डझनभर’ हे पद कशाचे, ही आकांक्षा शिल्लक ठेवते. ती पुरवण्यासाठी आधीच्या वाक्यातले पद पुढे ओढून घेणे याला अनुषंग म्हणतात आणि न उच्चारलेले पद बाहेरून आणणे याला अध्याहार. प्रोग्रामरने मुख्य आज्ञेतल्या दुधाचा अनुषंग केला. बोलणारीच्या मनात अटीमधली केळी होती. सन्निधी, म्हणजे पदांची जवळीक, केळ्यांच्या बाजूने आहे; योग्यता, म्हणजे अर्थाचा परस्परांशी मेळ, हीदेखील त्याच बाजूची आहे, कारण केळी चांगली असण्याचा आणि दूध अकरा पिशव्यांनी वाढवण्याचा काहीही संबंध लागत नाही. नैयायिकांनी शाब्दबोधासाठी, म्हणजे वाक्यापासून होणाऱ्या ज्ञानासाठी, आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांच्या जोडीला तात्पर्याचे ज्ञानही आवश्यक मानले, ते अशाच प्रसंगांसाठी.

यंत्राला तात्पर्य कळत नाही, म्हणून प्रोग्रामिंगच्या भाषा संदिग्धता दूर करण्यासाठी नियम घालून देतात. एकात एक दोन ‘जर’ आले आणि ‘नाहीतर’ एकच असला तर तो जवळच्या ‘जर’चा समजावा, हा असाच एक नियम आहे. दोन सूत्रांची गाठ पडली असता पाठात नंतर आलेले प्रबळ समजावे, हा पाणिनीचा संकेतही याच कुळातला. सी या भाषेत ‘अ+++ब’ असे लिहिले, तर त्याचे दोन प्रकारे तुकडे पडू शकतात. पण डावीकडून वाचताना शक्य तितका लांब तुकडा आधी घ्यावा, या नियमामुळे पहिली दोन अधिकचिन्हे ‘अ’ला जातात आणि वाद मिटतो. हाच नियम सलग लिहिलेल्या मराठीला लावून पाहिला तर त्याची मर्यादा उघडी पडते. ‘तीनकारदेते’ या माळेतून ‘ती नकार देते’ असेही वाक्य निघते आणि ‘तीन कार देते’ असेही. सर्वांत लांब तुकड्याचा नियम ‘ती’ सोडून ‘तीन’ उचलणार आणि नकार देणाऱ्या बाईकडून मोटारी वाटून घेणार. संदिग्धता संपली, उत्तर एकच आणि निश्चित आले, परंतु ते चुकीचे आले. निश्चितता आणि यथार्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियम पहिलीची हमी देतो, दुसरीची देत नाही.

सलग लेखनाची ही अडचण कल्पनेतली नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातल्या आणि श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरातल्या दप्तरांशी व पोथ्यांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांचे ते रोजचे काम आहे. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जाण्याची रीत होती. शब्द तोडले जात नसत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, आणि तरीही वाचणारा मजकूर लावत असे, कारण पत्र कोणी, कोणाला, कोणत्या कामासाठी लिहिले हे त्याला ठाऊक असे किंवा त्याने ते आधी शोधलेले असे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांसाठी जी कागदपत्रे वाचली, त्यांच्या वाचनात लिपीच्या ज्ञानाइतकाच वाटा व्यवहाराच्या ज्ञानाचा होता. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली असली तरी त्या लिपीतील चिन्हाला क्रमांक मिळणे आणि कागदावरच्या ओळीला अर्थ मिळणे यांत अंतर राहतेच. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी समर्थ रामदासांनी लेखनक्रियेवर एक सबंध समास खर्च केला आणि अक्षर गोल, सुटे, ग्रंथाच्या आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे असा आग्रह धरला, त्यामागेही वाचणाऱ्याची सोय हीच दृष्टी आहे. अक्षर स्वच्छ केले की शंकेला वाव कमी होतो, पण शंका फेडण्याचे काम शेवटी वाचणाऱ्याकडेच उरते.

येथे एक आक्षेप येतो. अलीकडची यंत्रे संदर्भावरून अर्थ ताडतात आणि ‘तीनकारदेते’ त्यांच्यापुढे टाकले असता आसपासच्या वाक्यांवरून बहुधा योग्य तोच विग्रह देतात. मग तात्पर्य यंत्राला अगम्य कसे म्हणायचे? या आक्षेपात तथ्य आहे. तात्पर्य ठरवण्याच्या ज्या सहा खुणा परंपरेने सांगितल्या, म्हणजे उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती, त्यांपैकी पुनरुक्तीसारखी खूण यंत्र माणसापेक्षा लवकर हेरू शकते. तथापि खुणांवरून तात्पर्याचे अनुमान करणे वेगळे आणि तात्पर्य असणे वेगळे. अनुमान करणाऱ्याला काही हवे असण्याची गरज नाही. आज्ञा देणारीला मात्र दूध हवे होते. संदर्भाने वाचणारे यंत्र विनोदाचे प्रसंग कमी करील, पण अर्थाचे मूळ कोणाच्या तरी इच्छेत असते, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

अक्षरे आणि अर्थ यांच्या नात्याबद्दलचा वाद याहून खोल गेला तो स्फोटवादात. भर्तृहरीच्या मते शब्द अखंड आणि क्रमरहित असतो; वर्ण हे त्याचे अवयव नसून त्याला प्रकट करण्याचे साधन असतात, तेव्हा खऱ्या शब्दाला लांबीच नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा स्फोट अनावश्यक ठरवला. वर्णच अर्थाचा बोध करून देतात. मात्र क्रम महत्त्वाचा असतो, म्हणूनच त्याच वर्णांचे राजा आणि जारा, कपि आणि पिक असे निराळे शब्द होतात. मुंग्या एकामागून एक चालत असल्या तरी त्यांच्या ठायी ‘ही रांग’ अशी एक बुद्धी होते, तशी क्रमाने आलेल्या वर्णांच्या ठायी ‘हा शब्द’ अशी एक बुद्धी होते. म्हणजे स्फोट नाकारूनही आचार्यांना शब्दाचे एकत्व बुद्धीवर सोपवावे लागले. उच्चारलेला वर्ण पुढच्याच क्षणी नाहीसा होतो. शेवटच्या वर्णाबरोबर आधीच्या सर्व वर्णांचे संस्कार धरून ठेवणारा कोणी एक नसेल, तर शब्दही नाही आणि त्याची लांबीही नाही.

या ‘कोणी एका’चा विचार विसाव्या शतकात खानदेशातच एका संस्थेत नेटाने झाला. अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विचारवंत काही काळ होते, आणि जी. आर. मलकानी, रासविहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी १९३३ मध्ये ‘अज्ञान’ या एकाच विषयावर मिळून ग्रंथ लिहिला. अद्वैतात अज्ञान म्हणजे केवळ ज्ञानाचा अभाव नव्हे. ते भावरूप असते आणि ‘मला हे कळत नाही’ अशा अनुभवात साक्षीला प्रकाशित होते. या कसोटीवर बारा पिशव्यांचा विनोद घासला तर एक सूक्ष्म भेद हाती येतो. बारा पिशव्या आणणारा माणूस चुकतो, कारण त्याला खरा अर्थ कळू शकत होता आणि कळल्यावर तो ओशाळतो. नियमाने चालणारे यंत्र तेच करते तेव्हा चुकत नाही, कारण त्याच्या ठायी अज्ञानही नाही. चूक यंत्र बनवणाऱ्याची किंवा वापरणाऱ्याची असते. यंत्रावर हसताना माणूस वास्तविक स्वतःच्याच अपुऱ्या सांगण्यावर हसत असतो.

आता धर्माच्या दृष्टीने अधिक नाजूक असलेला प्रश्न. समर्थ संप्रदायाचा ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा मंत्र त्रयोदशाक्षरी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला त्याचा तेरा कोटी जप केला असे संप्रदाय सांगतो. त्याच मंत्रात युनिकोड एकोणीस चिन्हे मोजते आणि शब्दांमधल्या पाच मोकळ्या जागा धरल्या तर चोवीस. साठवायला बासष्ट बाइट लागतात. तेरा कोटी वेळा नकललेला हा मंत्र सुमारे आठशे सहा कोटी बाइट, म्हणजे साधारण आठ गिगाबाइट भरतो, आणि तो खिशातल्या पेनड्राइव्हवर सहज मावतो. ती नक्कल करणारी आज्ञावली दोन ओळींची असते. लिखित नामजपाच्या वह्या पुण्यप्रद मानल्या जातात. मग या पेनड्राइव्हवर जप झाला, असे म्हणायचे का?

यांत्रिकपणा हाच दोष, असे उत्तर पुरत नाही, कारण जपमाळ हेही मोजणीचे यंत्रच आहे आणि मेरुमणी ही गणना कोठे पुरी झाली ते दाखवणारी खूण आहे. शब्द उच्चारला गेला नाही, हे उत्तरही टिकत नाही, कारण वाचिक, उपांशू आणि मानस या जपाच्या तीन प्रकारांत ज्यात ओठही हलत नाहीत तो मानस जप श्रेष्ठ मानलेला आहे. लिपी नाही म्हणून मोजणी नाही, हेही खरे नव्हे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांच्या ओव्यांचे माप कधी चुकले नाही, आणि १९५२ मध्ये ती गाणी छापली गेली तेव्हा ते माप कागदावर उतरले इतकेच. खरा भेद अपेक्षाबुद्धीचा आहे. माळेचा प्रत्येक मणी सरकतो तेव्हा ‘हा एक’ अशी बुद्धी होते, आणि अशा बुद्धींच्या परंपरेतूनच एकशे आठ किंवा तेरा कोटी ही संख्या जन्म घेते. पेनड्राइव्हवर बाइट आहेत, त्यांची मांडणी आहे, परंतु ‘हा एक’ असे म्हणणारे कोणी नाही. तेव्हा वैशेषिकांच्या काटेकोर अर्थाने तेथे तेरा कोटी ही संख्याच अद्याप उत्पन्न झालेली नाही. कोणी ती मोजायला बसेल तेव्हा ती उत्पन्न होईल, आणि मोजणारा ज्या अवच्छेदकाने मोजील त्या अवच्छेदकाची ती होईल: बाइट मोजणाऱ्याला बाइट मिळतील, नाम मोजणाऱ्याला नाम मिळेल.

यावरून धर्माच्या क्षेत्रातली संख्या निरर्थक ठरत नाही; उलट ती कशाची संख्या आहे हे प्रत्येक वेळी सांगण्याची जबाबदारी वाढते. पारायणे किती झाली, जप किती कोटी झाला, पोथीच्या प्रती किती निघाल्या, या आकड्यांना अवच्छेदक जोडला नाही तर त्यांची गत स्ट्रिंगच्या लांबीसारखी होते: उत्तर नेमके असते, पण प्रश्न कोणता होता ते ठाऊक नसते. प्रोग्रामर हा दोष दुरुस्त करायला एव्हाना शिकले आहेत. बाइटांची, चिन्हांची आणि वाचकाच्या अक्षरांची मोजणी ते वेगवेगळी मागतात आणि कोणती हवी ते आधी लिहून ठेवतात. जपाची आणि पारायणांची संख्या जाहीर करणाऱ्यांनीही एवढी शिस्त पाळायला हरकत नाही.